इथिओपियन जेवण: सहा मोठे, एक लहान, त्यात दोन शाकाहारी आणि एक सिलिअ‍ॅक. काय मागवू, किती मागवू?

पोळपाट_लाटणं
पुढच्या शनिवारी संध्याकाळी अमेरिकेत मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या एका छोट्या इथिओपियन हॉटेलात जायचं ठरतंय. नवरा गल्ल्यावर, बायको आणि तिची आई स्वयंपाकघरात, दहा-बारा टेबलं, एवढाच कारभार. आम्ही सहा मोठे आणि ८ वर्षांचा मुलगा. सासू-सासरे पक्के शाकाहारी, अंडंही नाही. नणंदेला सिलिअ‍ॅक, म्हणजे ग्लूटेनमुळे गहू आणि जव बंद. उरलेले तिघे चिकन-मटण खातो, बीफ कुणीच नाही. मेनूत जिकडे तिकडे 'वॉट' नाहीतर 'तिब्स'. फोन करून आधी काय विचारू?

चुलीपाशी
फोन गुरुवारीच करा. वॉट म्हणजे दाट रस्सा. बारीक कांदा आधी कोरडाच, तेलाशिवाय, पार मेण होईपर्यंत परततात, मग त्यात बर्बेरे हा लाल मसाला आणि तेल किंवा तूप. दोरो वॉटला, म्हणजे कोंबडीच्या रश्श्याला, काही तास लागतात. घरगुती हॉटेलात तो एकाच पातेल्यात होतो आणि संपला की संपला, म्हणून आधी सांगून ठेवा. तिब्स म्हणजे परतलेलं मांस, ते ऑर्डरनंतर करतात, वीसेक मिनिटं धरा.

सासू-सासऱ्यांसाठी नुसतं 'व्हेज' म्हणू नका, 'यत्सोम बेयाइनेतू' म्हणा. त्सोम म्हणजे उपवास, बेयाइनेतू म्हणजे सगळ्या प्रकारचं थोडं थोडं. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवार-शुक्रवार आणि ईस्टरआधीचे ५५ दिवस मांस, अंडं, दूध, लोणी काहीच खात नाहीत, त्यामुळे शाकाहारी पदार्थांची तयारी या स्वयंपाकघरांना पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. (साबुदाणा विसरा. या उपवासाला कांदा, लसूण, डाळी सगळं चालतं.) फक्त काही जण उपवासात मासे खातात, म्हणून 'मासाही नको' एवढं जोडा. ताटात येईल ते साधारण असं: मिसिर वॉट ही मसुराची तिखट डाळ, किक अलिचा ही पिवळ्या वाटाण्याच्या डाळीची हळद घातलेली सौम्य आमटी, गोमेन ही पालेभाजी, कोबी-बटाटा-गाजर, फरसबी आणि शिरो. शिरो म्हणजे पिठलंच, फक्त हरभऱ्याचं पीठ मसाल्यासकट भाजून दळलेलं.

दोन ठिकाणी फसायला होतं. 'बोझेना शिरो'त मांसाचे तुकडे असतात आणि 'गोमेन बे सेगा' ही मांस घातलेली पालेभाजी. सेगा म्हणजे मांस, हा शब्द दिसला की थांबा. शिरो आणि गोमेनमध्ये कधी निटर किब्बे, म्हणजे मसाल्यात कढवलेलं तूप घालतात. तुमच्या घरी तूप चालत असेल तर प्रश्नच नाही.

बीफसाठी शब्दच पाठ करा: दोरो कोंबडी, बेग मेंढी, फियेल बकरी, बेरे बैल. मागेपुढे काही न लिहिलेलं 'तिब्स' किंवा 'की वॉट' बहुतेक वेळा बीफच. 'यबेग तिब्स' मागा. किटफो कधीच नाही, ते बीफच, आणि तेही कच्चं.

आता किती. माणशी एक पदार्थ मागवला की निम्मं उरतं, कारण इंजेरा, म्हणजे ताटात सगळ्याखाली अंथरलेली आंबवलेल्या पिठाची मोठी पोळी, पोटात फुगतो. दोघांसाठीचं यत्सोम ताट सासू-सासऱ्यांना. तिघं आणि मुलगा यांना आणखी एक तसंच ताट, त्यावर एक दोरो वॉट आणि एक यबेग तिब्स. नणंदेचं ताट वेगळं.

तीळ_गूळ
वरच्या हिशोबात एक दुरुस्ती. दोरो वॉट आणि तिब्स वेगळ्या वाट्यांमध्येच मागा. एकाच इंजेरावर सगळं ओतलं की रस्से पसरून एकमेकांत जातात, दोरो वॉटमध्ये अख्खं उकडलेलं अंडं असतं, आणि तळाचा इंजेरा दहा मिनिटांत हे सगळं पिऊन टाकतो. वाटीतलं मुलालाही बरं. त्याला किक अलिचा आणि बटाटा द्या, बर्बेरे मुलांना झोंबतो.

नणंदेबद्दल. इंजेरा मूळचा तेफचा. बारीक दाण्याचं हे धान्य, त्यात ग्लूटेन नाही. पण अमेरिकेत तेफ महाग आणि पीठ आंबवायला अवघड, म्हणून बऱ्याच ठिकाणी त्यात गहू किंवा जव मिसळतात, काही जण तर सरळ सेल्फ रायझिंग मैदा. रंगावर जाऊ नका, गडद तेफमध्ये गहू मिसळला तरी इंजेरा काळपटच दिसतो. विचारायचं ते नेमकं असं: 'शंभर टक्के तेफचा इंजेरा आहे का? तो आदल्या दिवशी सांगावा लागतो का? आणि तो त्याच मिताडवर भाजता का?' मिताड म्हणजे त्यांचा मोठा तवा. गव्हाच्या घाण्यानंतर त्याच तव्यावर तेफ टाकला तर तेफ असून उपयोग नाही. तिथे अडखळले तर भात मागा. सांबुसा (आपला सामोसाच) आणि तेला (जवाची घरगुती बिअर) तिच्यासाठी बाद. तिच्या ताटात दुसऱ्या कुणी हात घालू नये हेही आत्ताच ठरवा, कारण गव्हाच्या इंजेराचा तुकडा बुडाला की सगळं मुसळ केरात.

पोळपाट_लाटणं
बापरे, फोनची यादीच झाली. धन्यवाद. इंजेरा आंबट लागतो म्हणतात, सासूबाई खातील का? आणि कॉफीचा तो समारंभ मागवावा का?

चुलीपाशी
आंबोळी खाता येत असेल तर इंजेरा अवघड नाही. आंबोळी रातोरात आंबते, हा दोन-तीन दिवस, म्हणून आंबटपणा जास्त. उलटत नाहीत, झाकण ठेवून वाफेवर वरची बाजू शिजवतात, त्यामुळे वर जाळी आणि खाली गुळगुळीत. त्या जाळीतच रस्सा धरतो. नुसता चाखू नका, मिसिरबरोबर पहिला घास घ्या. आंबट आणि तिखट एकमेकांना सांभाळतात.

चपातीसारखा द्रोण करून उचलायला गेलात तर फाटेल. तीन बोटं रुंद पट्टी फाडायची, भाजीवर जाळीची बाजू खाली करून ठेवायची आणि वरून चिमटीत दाबून उचलायचं. उजवाच हात, आणि ताटाच्या आपल्या बाजूचंच. बोटं चाटू नयेत. तळाचा भिजलेला इंजेरा शेवटी खायचा, खरी चव तिथे असते.

घरातल्या आजीबाई बाहेर येऊन घास तोंडाशी धरतील अशीही शक्यता आहे. त्याला गुर्शा म्हणतात. नाही म्हणणं उद्धटपणा, म्हणून नणंदेने 'मला गहू वर्ज्य' हे आधीच सांगून ठेवावं.

तीळ_गूळ
कॉफीचं फोनवरच विचारा, सगळीकडे रोज नसते. समोर हिरव्या बिया भाजतात, भाजताना धूर हुंगायला आणतात, मग कुटून जेबेना या मातीच्या सुरईत उकळतात. बिनकानाच्या छोट्या कपांत तीन फेऱ्या: अबोल, तोना, बराका. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी, म्हणून प्रत्येक फेरी हलकी. सोबत लाह्या आणि धूप. पाऊण तास सहज जातो, त्यामुळे जेवण मध्यावर असतानाच सांगा. मुलगा कंटाळेल, लाह्या त्याच्याच.

कढईभर
बिलाआधी एक. सहाच्या वर माणसं असली की पुष्कळ ठिकाणी टिप आधीच लावलेली असते, ओळ वाचूनच वर द्या. उरलेलं बांधताना इंजेरा वेगळा आणि रस्से वेगळे मागा. फ्रिजमध्ये तो कडक होतो, ओलसर फडक्यात गुंडाळून वीस सेकंद मायक्रोवेव्ह. तुकडे करून उरलेल्या वॉटमध्ये परतलात तर त्याला फिरफिर म्हणतात, म्हणजे आपली फोडणीची पोळी, सकाळच्या नाश्त्याला.