हार्ट फेल्युअरच्या पेशंटला ‘वजन उतरवा’ सांगणं बंद करा

लालबागची_लेक

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आईला दम लागून ॲडमिट करावं लागलं. वय ६८, उंची जेमतेम पाच फूट. निदान हार्ट फेल्युअर. म्हणजे हृदय बंद पडत नाही, पंपिंग अपुरं पडतं, हे आम्हालाही तेव्हाच कळलं. ईएफ ३०, म्हणजे दर ठोक्याला हृदयात भरलेल्या रक्तापैकी ३० टक्केच बाहेर ढकललं जातं. घरी सोडताना सांगितलं, मीठ कमी, पाणी मोजून आणि वजन उतरवा. बाकी सगळ्यात सूट घेतली असेल, पण वजनाचं आईने मनावर घेतलं. रात्रीचं जेवण सोडलं, भात सोडला, मासेही सोडले. मालवणी बाईने मासे सोडले, यावरून काय ते समजा.

दहा महिन्यांत ७१ वरून ६२. चाळीत कौतुकच कौतुक. ‘काकू, काय मेन्टेन केलंयत!’ ब्लाऊज आत घेऊन झाले. आणि गेल्या आठवड्यात तिला कुकरचं झाकण लावता येईना. हातात जोरच नाही.

मग मी वाचायला बसले. २००१ साली लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी हार्ट फेल्युअरच्या १२०३ पेशंटचा अभ्यास छापला. ज्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) जास्त, ते जास्त जगले. २००७ मध्ये अमेरिकेतल्या लाखाहून अधिक ॲडमिशन्सचे आकडे आले. बीएमआय पाचाने वाढला की हॉस्पिटलात मरण्याचा धोका साधारण १० टक्क्यांनी कमी. असं असताना आजारी म्हातारीला ‘बारीक व्हा’ कशासाठी सांगायचं?

सिस्टर_निवृत्त

कार्डिॲक वॉर्डात आयुष्य गेलं माझं, म्हणून आधी एकच विचारते. त्या ९ किलोंत पाणी किती होतं? ॲडमिट करतानाचं वजन धरू नका. लॅसिक्सवर, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळीवर, पायाची सूज उतरली की दोन-चार किलो असेच जातात, ती चरबीही नव्हे आणि स्नायूही नव्हे. डिस्चार्ज कार्डावर घरी सोडतानाचं वजन असेल, ते बघा.

लालबागची_लेक

बघितलं. ७१ ॲडमिट होताना, ६८ घरी येताना. म्हणजे खरी घट ६ किलोंची.

सिस्टर_निवृत्त

६८ वर ६ म्हणजे जवळपास ९ टक्के. सूज नसताना वर्षभरात ५ टक्क्यांहून जास्त वजन गेलं, त्यात हातातला जोर गेला, थकवा आला, भूक गेली, तर त्याला कौतुक म्हणत नाहीत बाळा, कॅकेक्सिया म्हणतात, आजाराने शरीर खंगणं. १९९७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अशा पेशंटांपैकी निम्मे दीड वर्षात गेले होते. तेव्हाची औषधं आजच्यासारखी नव्हती, म्हणून घाबरू नकोस. पण पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन कर.

आकडेमोड

ताईंच्या आईबद्दल वाईट वाटतं, पण शीर्षक चुकलंय. ‘जाडे जास्त जगतात’ या आकड्यांत गोम आहे. जो आधीच खंगलाय त्याचं वजन कमी दिसणारच. बारीक असल्यामुळे तो मरत नाही, मरणाच्या वाटेवर आहे म्हणून बारीक झालाय. शिवाय जाड्या माणसाला दम लवकर लागतो, तो तरुणपणी, आजार कमी असतानाच डॉक्टरकडे पोचतो. मग तुलनेत तोच बरा दिसतो.

आणि हार्ट फेल्युअर मुळात होतं कोणाला? अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात ५८८१ लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली होती, २००२ साली निष्कर्ष आले. बीएमआयच्या एकेका अंकामागे धोका पुरुषांत ५ आणि बायकांत ७ टक्क्यांनी वाढतो. ज्याने आग लावली त्यालाच बंबवाला म्हणायचं का?

२०२३ मध्ये पॅराडाइम-एचएफ या हार्ट फेल्युअरच्या औषधाच्या चाचणीतल्या ८३९९ पेशंटचे आकडे पुन्हा तपासले. बीएमआयच्या जागी कंबर आणि उंचीचं गुणोत्तर घेतलं, बाकीचे घटक हिशोबात धरले, आणि तो ‘लठ्ठपणाचा फायदा’ विरून गेला. उलट पोट मोठं असलेल्यांना हार्ट फेल्युअरसाठी जास्त वेळा ॲडमिट व्हावं लागलं. लोकांनी हा धागा वाचून वडापाव सुरू केला तर जबाबदार कोण?

चिंचपोकळी_१२

आमचे काका ९५ किलोचे होते, ८४ वर्षं जगले. ठणठणीत.

आकडेमोड

एका काकांवरून सिद्धान्त होत नाही. प्रत्येक चाळीत असा एक काका असतोच.

गोरेगावकर_वहिनी

मी ताईंच्या विरुद्धच बोलणार, माफ करा. यांचं वजन १०४ होतं, ईएफ ५५. म्हणजे पंपिंग नीट, पण हृदय ताठ झालेलं, भरतानाच सैल पडत नाही. स्टेशनचा पूल चढताना दोनदा थांबायचे, गाडी सुटायची. डॉक्टरांनी आधी गोळ्या आणि मग भूक कमी करून वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं दिली. १४ किलो उतरले आणि हे आता पूल एका दमात चढतात. या प्रकारच्या पेशंटांवर २०२३ साली चाचणी झालीय, ५२९ जणांची. वर्षभरात वजन १३ टक्के उतरलं, दमणूक कमी झाली, सहा मिनिटांत जास्त चालता येऊ लागलं. आम्हाला ‘वजन उतरवा’ कोणी सांगितलंच नसतं तर?

लालबागची_लेक

वहिनी, तुमच्या घरचा आजार वेगळा, माझ्या घरचा वेगळा. त्या चाचणीत बीएमआय ३० च्या वरचे आणि ईएफ किमान ४५ असलेलेच घेतले होते. माझ्या आईची ईएफ ३० आहे. नाव एकच म्हणून सल्लाही एकच द्यायचा, हेच तर मला खटकतंय. आणि तुमच्या मिस्टरांवर डॉक्टरांचं लक्ष होतं. आमच्याकडे डिस्चार्ज कार्डावर दोन शब्द लिहिले आणि सोडून दिलं. काय खायचं, कसं उतरवायचं, कुठे थांबायचं, काही नाही.

गोरेगावकर_वहिनी

हे मात्र खरं. यांना फिजिओथेरपिस्टने पहिल्या दिवसापासून व्यायाम लावला होता. इंजेक्शनाने चरबीबरोबर स्नायूही झडतात म्हणाली.

मूळ_पुणेकर

भांडण चाललंय ते वजनकाट्यावर, आणि काटा बिचारा चरबी, स्नायू, पाणी काहीच ओळखत नाही. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. आपण भारतीय काट्यावर बारीक आणि आतून लठ्ठ. म्हणून तर आपल्याकडे बीएमआय २५ च्या वर गेला की लठ्ठ धरतात. अमेरिकेच्या आकड्यांवर लालबागच्या बाईचा निकाल लावू नका, दोन्ही बाजूंना सांगतोय. (पुण्याचं उदाहरण दिलं म्हणून आता शिव्या द्या.)

आकडेमोड

मग ताई, कंबर मोजा. बेंबीशी टेप धरा, श्वास सोडून.

लालबागची_लेक

मोजली. ९४ सेंटिमीटर. उंची १५२.

आकडेमोड

गुणोत्तर ०.६२. अर्ध्याच्या खाली हवं. बीएमआयही अजून २६.८, म्हणजे आपल्या मापाने लठ्ठच. चरबी कमी व्हायलाच हवी, माझा मुद्दा हाच होता.

सिस्टर_निवृत्त

अहो आकडेमोड, पोट तसंच आहे आणि हातपाय काटक्या झालेत, याचाच अर्थ उपास करून स्नायू गेले. अजून उपास करून पोट जाईल का? आधी अंगात ताकद यायला हवी.

लेकी, पक्कं वजन पाहायला सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच काट्यावर उभं कर. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर पाणी साठतंय, लगेच कळव. जिममधल्या चरबी मोजायच्या मशिनवर नेऊ नकोस. त्या वीज सोडून मोजतात, अंगात पाणी असलं की ते स्नायू म्हणून दाखवतात, आणि पेसमेकर असेल तर नकोच. हाताची पकड आणि खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठता येतं का, हे घरीच कळतं. प्रोटीन हवं, पण किती ते क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून डॉक्टर सांगतील. ताजे मासे चालतील. सुकट, बोंबील, पापड, लोणचं यातलं मीठ नको.

लालबागची_लेक

फोन केला, उद्या बोलावलंय. फिजिओची चिठ्ठीही मागणार आहे. खुर्चीतून उठायचं करून पाहिलं, पाच वेळा सांगितलं होतं, तिसऱ्यांदा हात टेकला. दुपारी बांगड्याचं तिखलं केलं, निम्म्या मिठाचं. ‘अळणी आहे’ म्हणाली, पण दोन तुकडे खाल्ले.

आकडेमोड

छान. आता शीर्षकात निदान ‘सरसकट’ हा शब्द तरी घाला.

लालबागची_लेक

नाही घालणार. आत्ताच शेजारच्या काकू येऊन आईला डाएट विचारून गेल्या.