स्टॅटशीटमधली ‘उलाढाल’: रिबाउंड, स्टील, टर्नओव्हर यांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

माझा भाचा पोलंडमध्ये व्रोत्सवाफला नोकरी करतो. तिथल्या श्लोंस्क क्लबचे बास्केटबॉल सामने बघायची त्याला गोडी लागली आहे. पोलिश लीगची १८ विजेतेपदं याच क्लबच्या नावावर आहेत, शेवटचं २०२२चं. एका सामन्यानंतरचा आकड्यांचा तक्ता त्यानं मला पाठवला, कारण मी बरीच वर्षं शालेय आणि जिल्हा स्पर्धांना स्कोअररच्या टेबलावर बसते.

तक्ता पोलिशमध्ये होता, म्हणून फोनवरच मराठी करून घेतला. रकाने असे आले: गुण, वर्गणी, मदत, अडवणूक, नुकसान. एका खेळाडूच्या नावापुढे ‘वर्गणी ९, नुकसान ४’! मग भाच्यानं त्याच सामन्याचा इंग्रजी तक्ता पाठवला, तर ‘नुकसान’च्या जागी ‘उलाढाल’ आली, म्हणजे ‘टर्नओव्हर’चा धंद्यातला अर्थ. चार चेंडू घालवणाऱ्या पोराच्या नावावर उलाढाल लागली.

तेव्हा दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पोलिश शब्दांचे खरे अर्थ काय? आणि आपल्याला मराठीत हा तक्ता नीट लिहायचा झाला तर रकान्यांना कोणती नावं द्यावीत? मला हे मनापासून हवं आहे. आमच्याकडे खेळणाऱ्या निम्म्या मुलींना स्वतःच्या नावापुढचे आकडे वाचता येत नाहीत, कारण वरची अक्षरं इंग्रजी आणि तीही तोडलेली.

प्रतिसाद

ताई, मी वॉर्सात राहतो. यंत्राची चूक समजण्यासारखी आहे, कारण हे सगळे शब्द पोलिशमध्ये रोजच्या वापरातले आहेत.

रिबाउंडला, म्हणजे चुकलेल्या फेकीनंतर चेंडू ताब्यात घेण्याला, इथे ‘झ्ब्युर्का’ म्हणतात. क्रियापद ‘झ्बेराच’, म्हणजे गोळा करणं, वेचणं. शरद ऋतूत इथली माणसं जंगलात अळंबी वेचायला जातात, तिथेही हेच क्रियापद. वर्गणी गोळा करणं म्हणजेही झ्ब्युर्का, आणि पोरांना रांगेत उभं करायला मास्तर ओरडतात तीही ‘झ्ब्युर्का!’ तुमच्या यंत्रानं नेमकी वर्गणी उचलली. त्यापुढे ‘आ’ आणि ‘ओ’ असे दोन पोटरकाने असतील, तर पहिला आक्रमणातला आणि दुसरा बचावातला, कारण बचावाला इथे ‘ओब्रोना’ म्हणतात.

टर्नओव्हरला, म्हणजे चेंडूचा ताबा घालवण्याला, ‘स्त्राता’. अर्थ गमावणं, तोटा. जमाखर्चातल्या नफ्यातोट्यातला तोटाही स्त्राताच. इथे एक फसगत होते, ती आधीच सांगतो. इंग्रजी तक्त्याच्या सवयीनं ‘एस’ अक्षर दिसलं की आपण स्टील समजतो. पोलिश तक्त्यात एस बहुधा स्त्राताचा असतो. म्हणजे ज्याचं कौतुक करायचं त्याला रागवाल आणि ज्याला रागवायचं त्याचं कौतुक कराल.

स्टीलला, म्हणजे समोरच्या संघाकडून चेंडू काढून घेण्याला, ‘प्शेख्फित’: मधल्यामध्ये पकडणं, वाटेत गाठणं. शत्रूचा संदेश मधेच पकडला तरी हाच शब्द. चोरीशी त्याचा काही संबंध नाही. असिस्टला, म्हणजे ज्यावर सहकारी गुण करतो त्या पासला, ‘असिस्ता’, तो सरळ उसना आहे. आणि खेळाचं नाव ‘कोशिकुफ्का’, कारण ‘कोश’ म्हणजे टोपली. आपल्या कोशाशी त्याचं नातं नाही, नुसता आवाज जुळतो, तरी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

प्रतिसाद

क्रीडापानावर काम करते, म्हणून लिहिते. वरच्या माहितीतून मला एक गोष्ट लख्ख दिसली. रिबाउंड म्हणताना इंग्रजी चेंडूकडे बघते: तो रिंगवर आपटला आणि परत उडाला. टर्नओव्हर म्हणतानाही तेच, ताबा इकडून तिकडे गेला. पोलिश मात्र माणसाच्या हातांकडे बघते: त्यानं वेचला, त्यानं गमावला, त्यानं वाटेत गाठला.

आपले अस्सल खेळांचे शब्दही असेच झाले आहेत. चढणे, पकडणे, झेलणे, धावणे यांतून चढाई, पकड, झेल, धाव. कुणाला शिकवावे लागत नाहीत. याउलट ‘प्रत्युत्क्षेप’सारखं काही घडवलं की ते छापलं जातं आणि तिथेच मरतं. म्हणून मी नामं शोधतच नाही. तक्त्याला सरळ क्रियापदं द्यावीत: वेचले, गमावले, हिसकावले. प्रत्येकापुढे ‘चेंडू’ अध्याहृत आहे.

फाउलच्या बाबतीत तर मराठीला काही जुळवावंही लागत नाही. स्वतः केलेले फाउल आणि प्रतिस्पर्ध्याला करायला लावलेले फाउल असे युरोपातल्या तक्त्यांत दोन रकाने असतात. आपल्याकडे प्रयोजक क्रियापद तयार आहे: ‘केले’ आणि ‘करवले’.

प्रतिसाद

‘गमावले’ एकदम मान्य. ‘हिसकावले’ला माझा आक्षेप आहे. हिसकावणं हातातून होतं. स्टीलच्या रकान्यात पुष्कळदा पासच्या वाटेत हात घातलेला असतो, तिथे कुणाच्या हातात चेंडू नसतोच. ‘पळवले’ म्हणा, दोन्ही येतात.

‘वेचले’ मला डोळ्यांपुढे येत नाही. कापूस वेचायला, शेंगा वेचायला माणूस वाकतो. रिबाउंडला पायाच्या चवड्यांवरून वर जावं लागतं, कोपरं बाहेर काढून. मी राजापूरकडचा. आम्ही आंबे ‘उतरवतो’. बांबूच्या टोकाला कडी, कडीला जाळी, त्याला झेला म्हणतात. देठाला हिसका बसला की आंबा जाळीत येतो, जमिनीला लागू द्यायचा नाही. मान वर, हात वर, नजर फळावर. प्रशिक्षक रिंगखाली उभं करून जे शिकवतात ते हेच. माझं मत ‘उतरवले’ला.

प्रतिसाद

मी मुलांना खेळ शिकवतो. मैदानावर ‘रिबाउंड घे’ असंच ओरडलं जाणार, आणि ते बदलू नये. तो शब्द आता मराठीच आहे. पण कागदावरचा रकाना ही वेगळी जागा आहे, तिथे क्रियापद चालेल. फक्त ‘उतरवले’ला एक अडचण सांगून ठेवतो: पुष्कळ रिबाउंड जमिनीवर टप्पा पडल्यावर हाती येतात.

असिस्टला हात लावू नका. ‘साहाय्य’ लिहायला गेलं की निम्मे लोक ‘सहाय्य’ लिहितात, आणि मूळ शब्द सगळ्यांना कळतो.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. दादा, एसचं सांगितलंत ते फार मोलाचं. मी भाच्याला एका गार्ड खेळाडूचं कौतुक लिहून पाठवलं होतं, ते आता दुरुस्त केलं.

टेबलावर बसणारी म्हणून दोन गोष्टींची भर घालते. ‘पळवले’ आणि ‘गमावले’ एकमेकांशी ताडून बघता येतात. समोरच्या संघानं जितके पळवले तितके तरी आपण गमावलेले असतातच, पण गमावलेले बहुतेकदा जास्त निघतात, कारण ट्रॅव्हलिंग (चेंडूचा टप्पा न मारता जास्त पावलं टाकणं), रेषेबाहेर जाणं, फेकीसाठीचे २४ सेकंद संपणं यांत कुणी पळवलेलं नसतं. मराठी क्रियापदं लिहिली की हे मुलींना न सांगता कळेल. आणि खेळाडूंच्या रिबाउंडची बेरीज एकूण आकड्याशी जुळली नाही तर घाबरू नये. फेक चुकल्यावर कुणाच्याही हाती न येता बाहेर गेलेला चेंडू संघाच्या नावे धरतात. मिनिटं मात्र जुळलीच पाहिजेत: १० मिनिटांचे चार भाग, मैदानावर पाच जणी, बेरीज २००. जादा वेळ झाला की दर वेळी २५ची भर.

टप्प्याची अडचण खरी आहे. तरी मी ‘उतरवले’च घेते आहे, कारण झेला वाचल्यापासून मला रिंगखालची जाळी तशीच दिसायला लागली आहे. पोलंडच्या मातेउश पोनित्काची ओळ लिहून बघितली. युरोबास्केट या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेचा उपांत्यपूर्व सामना, बर्लिन, १४ सप्टेंबर २०२२. गतविजेत्या स्लोव्हेनियाला पोलंडनं ९०–८७ असं हरवलं तो:

पोनित्का: गुण २६, उतरवले १६, असिस्ट १०.

तिन्ही रकाने दोन आकडी. त्याला पोलंडमध्येही ‘ट्रिपल-डबल’च म्हणतात असं भाचा सांगतो, तेव्हा तेही तसंच ठेवू.

रविवारी मुलींचे सामने आहेत. छापील कागदावर इंग्रजी अक्षरांच्या वर पेन्सिलीनं हे शब्द लिहिणार आहे. त्या वाचून काय म्हणतात ते सोमवारी इथेच लिहिते.