उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावर लेझर करावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आईसाठी विचारतेय. वय ५८, रंग सावळा. नोकरीच फिरतीची, त्यामुळे वर्षानुवर्षं ऊन अंगावर घेतलंय. गालांवर तपकिरी डाग आहेत, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्यांचं जाळं आणि वरच्या ओठावर उभ्या रेघा. लिपस्टिक लावली की त्या रेघांतून वर पसरते. तिला याचंच जास्त वाईट वाटतं.

त्वचारोगतज्ज्ञांनी फ्रॅक्शनल सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर सुचवलंय. यात १०,६०० नॅनोमीटरचा किरण त्वचेतलं पाणी तापवून बारीक बारीक छिद्रं पाडतो, मधली त्वचा शाबूत राहते आणि भरून येताना नवं कोलॅजन (त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन) तयार होतं, इतपत समजलं. खरी धास्ती वेगळीच आहे. सावळ्या त्वचेवर लेझरनंतर काळे डाग उमटण्याचा धोका जास्त असतो म्हणे. म्हणजे डाग घालवायला जायचं आणि नवे घेऊन यायचे!

अशा रंगाच्या त्वचेवर कुणी केलंय का? डाग पडले का, पडले तर गेले का? सीओटूऐवजी अर्बियम (वेगळ्या किरणाचं लेझर) किंवा नॉन-अ‍ॅब्लेटिव्ह (वरची त्वचा न सोलणारं) लेझर कुणाला सुचवलं होतं का? आईला अधूनमधून ओठावर हर्पिसचे फोड उठतात, ते लेझरने उफाळू नयेत म्हणून कुणाला आधीपासून गोळ्या दिल्या होत्या का? लालसरपणा आणि खपल्या किती दिवस राहिल्या, हेही सांगा, तिला रजा टाकावी लागेल.

ट्रेटिनोइन (अ जीवनसत्त्वापासून बनलेलं त्वचेचं औषधी मलम) आणि सनस्क्रीन नेमाने लावून ज्यांनी लेझर टाळलं, त्यांनीही लिहा. घरगुती लेप कृपया नकोत, ते सगळे करून झालेत.