अनुभव धागा: घरात जपलेले सिगार (चिरूट असेल तर तोही चालेल)

माळ्यावरची_ट्रंक
काल माळा काढला. ट्रंकेत चादरींच्या खाली बाबांची लाकडी पेटी निघाली. क्यूबाचे सिगार, ११ उरलेत. बाबा मिलमध्ये होते, एका साहेबांनी निवृत्त होताना दिलेली. वर्षातून एकच ओढायचे, दिवाळीला गच्चीवर, आई खालून तीनदा हाक मारेपर्यंत. एरवी नुसती पेटी उघडून वास घ्यायचे, आम्हालाही द्यायचे. मनुका आणि गोठा यांच्या मधला कुठला तरी वास होता तो. काल उघडली तर डांबरगोळ्यांचा भपकारा! एक उचलला तर पापडासारखा कुडकुडला आणि वरचं पान सुटून हातात आलं. दोघांना टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं.
बाबांना जाऊन ९ वर्षं झाली. मला ओढायचे नाहीत, पण टाकवतही नाहीत. आपल्या सोलापुरी उन्हाळ्यात कुणी सिगार टिकवलेत का? फसलेलेही लिहा.

हुरडा_पार्टी
भोकं म्हणजे तंबाखूचा भुंगा. तपकिरी, सोंड्याएवढा. हळदीत, मिरचीतही हाच लागतो. अंडी पानातच असतात आणि २४-२५ अंशांच्या वर गेलं की फुटायला लागतात. आपल्याकडे मे महिन्यात ४३, म्हणजे पाळणाघरच की. झिपच्या पिशवीत घालून ३ दिवस फ्रीझर, मग १ दिवस खालचा फ्रिज, मग बाहेर. एकदम बाहेर काढू नका, पान तडकतं. आणि भोकवाले आधी वेगळे करा, आजच.

दुपारी_कूलर
फ्रिजचं नाव काढलं म्हणून सांगतो. मेव्हण्यानं दुबईहून ५ आणले होते. मी हुशारी करून ते फ्रिजच्या दारात ठेवले, कायमचे. शेजारी सासूबाईंची शेंगा चटणी, लसूण हात मोकळा सोडून घातलेला. तीन आठवड्यांनी एक पेटवला तर भाकरी मागावीशी वाटली. वर फ्रिजनं ओल खेचून घेतलेली, त्यामुळे कडक लाकूड.

गड्ड्याला_येणार
भाकरी 😂 मेलो. कडक की ज्वारीची?

दुपारी_कूलर
कडक. सिगारसारखीच.

नवी_पेठ_कोपरा
वाचलं होतं की आतून सीडर लाकूड लागतं. सुताराला सांगितलं, त्यानं देवदार लावला. "सीडर म्हणजे देवदारच की ओ साहेब." तो बरोबरच होता. घोळ असा की सिगारच्या पेटीतलं 'स्पॅनिश सीडर' मुळात सीडर नाहीच, महोगनीच्या कुळातलं अमेरिकेकडचं झाड आहे. देवदाराला तेल फार. दोन महिन्यांत सगळे सिगार उदबत्तीसारखे. आता त्या पेटीत बायकोच्या इरकली आहेत, कसर लागत नाही. तिच्या मते मी आयुष्यात केलेली एकमेव कामाची खरेदी.

काटा_७५
आधी ओल मोजा, मग बाकीचं. आर्द्रता ६५ ते ७० टक्के, तापमान २० अंशांच्या आसपास. एप्रिलमध्ये आपली हवा या आकड्याच्या जवळपासही नसते, आणि श्रावणात उलट, बुरशी. स्वस्तातला हायग्रोमीटर (ओल मोजायचा काटा) बिनधास्त खोटं बोलतो. तपासायचा असेल तर बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर थोडं पाणी, खिरीसारखं नाही, ओल्या वाळूसारखं. काटा आणि झाकण एका बंद पिशवीत रात्रभर. सकाळी ७५ दिसायला हवं. माझा ६६ दाखवत होता, म्हणजे मी वर्षभर ९ ची चूक जपत होतो. आता साधा हवाबंद डबा आणि आत बोव्हेडा कंपनीचं, ओल ६५ वर राखणारं पाकीट. थाटाच्या पेटीपेक्षा डबा बरा, कारण झाकण घट्ट.

रोज_कामावर
काटादादा, पाणी साधं चालतं का? आमच्याकडे पाचव्या दिवशी येतं, तेही क्षाराचं.

काटा_७५
मिठाच्या तपासणीला चालेल. डब्यात ओल द्यायची असेल तर डिस्टिल्डच, मेडिकलमधून आणा. इन्व्हर्टरसाठीचं नको.

पाचव्या_दिवशी_पाणी
आमच्याकडे सहाव्या. माझं नाव बदलायला पाहिजे.

पूर्वभाग_गल्ली
अम्मानं ३१ वर्षं विड्या वळल्या. मी टॉवेलच्या कारखान्यात होतो, दिवाळीला मालकानं एक सिगार दिला. मी तो टीव्हीवर शोभेला ठेवला. एप्रिलमध्ये अम्मानं उचलला, कानाशी नेऊन दोन बोटांत हळूच दाबला. "एंडिपोयिंदी," म्हणाली. वाळला.
मग तिनं बारदानाचा तुकडा ओला करून घट्ट पिळला. डब्यात एका कडेला बारदान, मध्ये उपडी वाटी, पलीकडे सिगार. मी म्हटलं थेट पाणी शिंपड की. तर म्हणाली, वरचं पान फुगतं, आतलं वाळकंच राहतं, मग वरचं फाटतं. रोज झाकण काढून बोट लावायची. बारदान सुकलं की परत ओलं, पण दर वेळी आधीपेक्षा कमी पिळायची. तीन आठवडे गेले. मग दाबला तर आवाज नाही, बोट काढलं की परत वर आला.
तेंदूचं पान ती अशीच राखायची. कोरडं तुटतं, जास्त ओलं काळं पडतं आणि मग कारखान्यात छाट, म्हणजे विडी नापास. हजार विड्यांत किती छाट काढायचे ते इथं नको, वेगळा धागा होईल.

कुंभारीकर
काढाच तो धागा. माझी आत्या विडी कामगारांच्या गोदूताई वसाहतीत राहते, २००६ ला घर मिळालं. तिच्या बोटांना अजून तंबाखूचा वास येतो, साबण बदलून बदलून थकली.

डॉक्टरीणबाई_घरच्या
माळ्यावरची ताई, डांबरगोळ्यांचा वास शिरलेले कुणी ओढू नका, भावालाही देऊ नका. ते नॅफ्थलिन असतं. तसे न शिरलेलेही ओढू नका, पण ते कोण ऐकतंय. आमच्याकडे तर नाहीच.

हवाना_रिटर्न_नाही
पेटी उलटी करून बघा. तळाला 'हेचो एन कुबा', म्हणजे क्यूबात केलेला, असेलच. खाली 'तोतालमेन्ते आ मानो' असेल तर १९८९ नंतरची, तो शिक्का तेव्हापासून मारतात. अर्थ, पूर्ण हातानं केलेला. बाकी, एकदा तेल उडालं की ओल परत येते, चव येत नाही. खोटी आशा देत नाही.

माळ्यावरची_ट्रंक
आहे! दोन्ही आहेत! साहेब १९९१ ला निवृत्त झाले, जुळतंय. चव नको मला, वास थोडा परत आला तरी पुरे. ९ फ्रीझरमध्ये टाकलेत, लेक विचारतोय कुल्फी आहे का. पूर्वभागदादा, अम्मा आहेत ना? पेटी घेऊन येऊ का?

दुपारी_कूलर
ताई, फ्रीझरमध्ये चटणी नाही ना?

पूर्वभाग_गल्ली
आहे की, ८१ ची. हल्ली वळत नाही, पण बोटं तीच. शुक्रवारी नका येऊ, पाणी येतं. शनिवारी या. भोकं पडलेले दोन मात्र घरीच ठेवा, कालच वर्षाची हळद भरलीय.