वर्ध्याचे बच्छराज शेठ आणि विहीर

वर्‍हाड-वर्ध्याकडचे मारवाडी शेठ निव्वळ व्याजावर मोठे झाले असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. सावकारी होतीच, नाही कोण म्हणतं? पण माल होता कापूस. हिंगणघाटच्या कापसाला थेट इंग्लंडात नाव होतं, आणि १८६६ साली वसवलेलं वर्धा रेल्वेवरचं गाव. बच्छराज बजाज अशा गावात मोठे झाले, पुढे ऑनररी मॅजिस्ट्रेट, म्हणजे मानद दंडाधिकारीही.

त्यांच्या घरातली एक गोष्ट सहसा कुणी काढत नाही. वारस हवा म्हणून त्यांनी राजस्थानातल्या सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातल्या कनीराम यांचा चारपाच वर्षांचा मुलगा नातू म्हणून दत्तक घेतला. मोबदला म्हणून आईबापांना पैसे नाही, गावाला विहीर मिळाली! त्या कोरड्या मुलखात पाण्याची किंमत काय, ते तिकडे राहिल्याशिवाय कळत नाही. पोरगा म्हणजे जमनालाल बजाज, पुढे गांधीजींचे सहकारी झालेले उद्योगपती. सतरा वर्षांचा असताना एका लग्नाला दागिने घालून जाण्यावरून आजोबा बच्छराज नको ते बोलले, तर याने तुमची इस्टेट नको असं लिहून दिलं आणि घर सोडलं. आजोबांनीच समजूत काढून परत आणला. १९०७ मध्ये बच्छराज वारले.