जुन्या तव्याचं (ग्रामोफोनच्या तबकडीचं) साल कसं काढायचं?

महालकर: इतवारीत भंगारातून एक तवा उचलला. एकाच बाजूला गाणं, मागची कोरी. लेबलवर पिसानं लिहिणारी परी, खाली 'हॅनोव्हर'. बाजारात कधी आला असेल?

धरमपेठचे काका: बहुतेक १९०८ च्या आधी, भाऊ. त्या साली कलकत्त्यात सियालदहला तवे छापायचा कारखाना निघाला. तोवर तवे जर्मनीत, हॅनोव्हरला छापून बोटीनं यायचे. ग्रामोफोन कंपनीनं इथं पहिलं ध्वनिमुद्रण केलं नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यात. लेबलाजवळ कोरलेला आकडा तिरप्या उजेडात वाच. पण तो ध्वनिमुद्रणाचा, विक्रीचा नव्हे! विक्रीसाठी कंपनीच्या जुन्या याद्याच धुंडाळ.

बर्डीवाला: काका, माझ्या कुत्र्याच्या लेबलवाल्या तव्यावर आकड्यापुढे त्रिकोण आहे.

धरमपेठचे काका: मग विजेवरचं ध्वनिमुद्रण, १९२५ नंतरचं. अन् स्पिरिटनं पुसू नको रे बाबा, तव्यातली लाख विरघळते.