हँडलची उंची: वरचा बोल्ट आणि बाजूचे बोल्ट

सायकल चालवताना हात बधिर होत असतील तर हँडल थोडं वर घ्या, हा नेहमी मिळणारा सल्ला पटतो. पण त्यासोबत 'वरचा बोल्ट घट्ट आवळला की काम झालं' असंही सांगतात, ते जुन्या पद्धतीच्या स्टेमपुरतंच (स्टेम म्हणजे हँडलला पुढच्या फोर्कच्या नळीशी जोडणारा भाग) खरं आहे. तिथे तो बोल्ट आतली पाचर ओढून धरतो. थ्रेडलेस स्टेममध्ये, म्हणजे नळीवर बाहेरून आवळल्या जाणाऱ्या नव्या पद्धतीच्या स्टेममध्ये, वरच्या टोपीचा बोल्ट फक्त बेअरिंगमधली ढिलाई काढतो, हँडल धरून ठेवतात ते बाजूचे बोल्ट. म्हणून आधी टोपी, मग हँडल चाकाशी काटकोनात आणायचं, बाजूचे बोल्ट शेवटी. मी एकदा बाजूचे आधी आवळले, तर पुढचा ब्रेक दाबला की टक्-टक् व्हायचं. ब्रेक धरून सायकल मागेपुढे ढकलली आणि हेडसेटवर (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगवर) बोट ठेवलं, तेव्हा ती ढिलाई बोटाला स्पष्ट लागली.

हँडल वर घ्यायला स्टेमखाली घालायचे स्पेसर (कड्या) उरले नसतील तर स्टेम उलटा बसवून बघा. 6 अंशांचा 100 मिमी स्टेम उलटला की हँडल साधारण 2 सेंटिमीटर वर येतं. आणि सरळ हँडल असेल तर ब्रेक लिव्हरचा कोन विसरू नका! लिव्हरवर बोटं ठेवल्यावर मनगट हाताच्या रेषेत राहायला हवं. माझा बधिरपणा उंचीने नाही, लिव्हर जरा खाली वळवल्याने गेला.